परदेशी वाचकांसाठी लिहिताय? ठिकाणांच्या नावांतल्या या चुका टाळा

‘पुढची बैठक जॉर्जियात आहे.’ अटलांटात बसून हे लिहिणाऱ्याला एवढं पुरेसं वाटतं. तिबिलिसीत वाचणाऱ्यालाही ते पुरेसंच वाटतं, कारण जॉर्जिया म्हणजे त्याचा देश. त्याला अमेरिकेतलं राज्य आठवायचं कारण काय? दोघांनाही शंका येत नाही, म्हणून कुणी विचारत नाही. अनोळखी नाव दिसलं तर वाचक शोधून काढतो. ओळखीच्या नावावर तो थांबतच नाही, आणि तिथेच घोळ होतो.

प्रसिद्ध शहर एकच असतं, असं धरून चालणं

२००२ मध्ये ब्रिटनहून निघालेलं एक तरुण जोडपं ऑस्ट्रेलियातल्या सिडनीऐवजी कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामधल्या सिडनीला पोहोचलं. हैदराबाद भारतात आहे, तसंच पाकिस्तानातल्या सिंधमध्येही. बर्मिंगहॅम इंग्लंडमध्ये आणि अलाबामातही. देशांचंही तेच: काँगो नावाचे दोन देश आहेत आणि किन्शासा व ब्राझाव्हिल या त्यांच्या राजधान्या एकाच नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. नुसतं ‘काँगो’ लिहिलं, तर काठ कुठला हे वाचकाला कळणार नाही.

अर्धवट खुलासा

ही चूक जास्त फसवी आहे, कारण काळजी घेतल्याचं समाधान मिळतं. ‘पोर्टलंड, अमेरिका’ लिहिलं तरी ओरेगॉनमधलं की मेनमधलं, हा प्रश्न राहतोच. ‘लंडन, ऑन्टारियो’ कॅनडातल्या माणसाला लगेच कळेल. पण ऑन्टारियो नावाचं शहर कॅलिफोर्नियातही आहे. जोडलेला शब्द त्या ठिकाणाला त्याच नावाच्या दुसऱ्या ठिकाणापासून वेगळं करतो का, एवढंच तपासा.

शहर, राज्य किंवा प्रांत आणि देश असं तिन्ही पहिल्या उल्लेखात द्या, पुढे नुसतं नाव चालेल. मात्र मथळा, आमंत्रण आणि फोटोओळ लोक बाकीच्या मजकुराशिवाय वाचतात. तिथे पूर्ण नाव पुन्हा हवंच.

लघुरूपं आणि दिशा

‘सीए’ म्हणजे कॅलिफोर्निया, आणि कॅनडाचा आंतरराष्ट्रीय कोडही तोच. ‘डीई’ म्हणजे डेलावेअर किंवा जर्मनी. वेळेच्या बाबतीत तर मोठं नुकसान होतं: ‘सीएसटी’ अमेरिकेतली मध्य प्रमाणवेळही असते आणि चीनचीही, दोन्हींत १४ तासांचा फरक. म्हणून वेळेसोबत शहर आणि ‘यूटीसी+८’ (म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या आठ तास पुढे) असा फरक लिहा. ‘पूर्व किनारा’, ‘राजधानीत’ हेही देशाचं नाव जोडल्याशिवाय लिहू नका.

तपासायचं कसं?

नकाशाच्या ॲपवर फार विसंबू नका. ते बहुधा तुमच्या जवळचं किंवा प्रसिद्ध ठिकाण आधी दाखवतं, त्यामुळे दुसरं आहे हे कळतच नाही. विश्वकोशात त्या नावाची सगळी ठिकाणं पाहा. प्रवासाचा मजकूर असेल तर विमानतळाचा कोड द्या: कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेसाठी एसजेसी, कोस्टा रिकातल्या सॅन होजेसाठी एसजेओ. नाव बदललेलं असेल तर जुनंही एकदा लिहा; कझाकस्तानची राजधानी २०१९ ते २०२२ नूरसुलतान होती, आता पुन्हा आस्ताना आहे.

मजकूर आधीच गेला असेल आणि ‘विमानतळ कुठला?’, ‘वेळ कुठली?’ असे प्रश्न यायला लागले, तर विचारणाऱ्या एकालाच उत्तर देऊन थांबू नका. न विचारता तिकीट काढणारेही असतात. विषयाच्या ओळीत पूर्ण नाव टाकून सगळ्यांना दुरुस्ती पाठवा, त्याच दिवशी.