आई-वडील दीर्घ आजारी असताना आपले शिकणे कसे चालू ठेवावे

आई किंवा वडिलांना दीर्घ मुदतीचा आजार असेल, तर घराचे वेळापत्रक आजारच ठरवतो, आणि म्हणून इतर मुलांना मानवणारे अभ्यासाचे तक्ते अशा घरात आठवडाभरही टिकत नाहीत. नवी भाषा, चित्रकला किंवा कच्चे राहिलेले गणित, यांपैकी काहीही हाती घेण्यापूर्वी त्या आजाराची चाल ओळखावी. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून ३ वेळा, दर खेपेस सुमारे ४ तास डायलिसिस, म्हणजे यंत्राने रक्त शुद्ध करण्याचा उपचार, घ्यावे लागते, त्यामुळे ते दिवस आधीच ठाऊक असतात. दम्याचा झटका मात्र सांगून येत नाही. तीन आठवडे रोज वहीत एकच ओळ लिहावी: आज घरात कसे होते आणि मला सलग किती वेळ मिळाला. माझ्या वहीतून कळले की शनिवारची संध्याकाळ हमखास हातची जाते, पण गुरुवारी डायलिसिसहून परतलेले वडील दोन तास गाढ झोपतात. ते दोन तास माझे झाले.

नियम आखताना वाईट दिवस डोळ्यांपुढे ठेवावा. ज्या दिवशी घरात धावपळ उडाली आहे, त्या दिवशीही जमेल एवढेच रोजचे काम ठरवावे: पाच शब्द, एक गणित किंवा स्वतःच्या डाव्या हाताचे एक रेखाचित्र. बऱ्या दिवशी त्याहून अधिक झाले तर ती वरकमाई समजावी. हे तडजोडीचे शिकणे नव्हे, कारण एकाच बैठकीत घोकण्यापेक्षा थोड्या थोड्या अंतराने केलेली उजळणी अधिक टिकते, असे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्मरणशक्तीच्या प्रयोगांतही दिसले होते. आवाज चालत नसेल तर तालाचा सराव उशीवर बोटांनी करता येतो. मी वर्षभर तसाच केला.

खरी अडचण वेळेची नसते, शेजारच्या खोलीकडे लागलेल्या कानाची असते. त्यावर उपाय म्हणजे अचानक काही झाले तर नेमके काय करायचे, हे मोठ्यांकडून आणि डॉक्टरांकडून आधीच समजून घेऊन कागदावर लिहून ठेवणे. उदाहरणार्थ, मधुमेहाच्या रुग्णाची रक्तातील साखर फार उतरली आणि तो शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर साधारण १५ ग्रॅम साखर देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासतात. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीची मदत बोलावतात. असा कागद भिंतीवर असला की पुस्तकात डोके घालता येते. औषधांची मात्रा ठरवणे मात्र मुलाचे काम नाही, आणि ते अंगावर आले तर तसे स्पष्ट सांगावे.

शाळेत निदान एका शिक्षकाला परिस्थिती सांगावी, आणि सांगताना मागणी नेमकी असावी. “घरी अडचण असते” यापेक्षा “मंगळवारी वडिलांचे उपचार असतात, तेव्हा बुधवारचा गृहपाठ गुरुवारी दिला तर चालेल का?” या वाक्याला उत्तर लवकर मिळते.

झोपेतून वेळ काढू नये. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास, तर १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. खेळायला जातानाही अपराधी वाटून घेऊ नये. विश्रांती आणि खेळ हा मुलांचा हक्क आहे, असे संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेच्या ३१ व्या कलमातच म्हटले आहे. आपल्या गुणांनी आई-वडिलांचा आजार बरा होत नाही आणि खेळण्याने तो वाढतही नाही.

शक्य असेल तिथे आजारी पालकालाच या शिकण्यात ओढावे. माझे वडील पलंगावर पडल्या पडल्या, सुया टोचलेल्या हातावर पट्टी तशीच असताना, दुसऱ्या हाताने वही धरून माझे पाच शब्द विचारत, आणि मी अडखळलो की अर्थ हळूच अंगठ्याखाली झाकत.