घरबसल्या नर्सिंग, पण वॉर्डात उभं राहून

खानापूरच्या पोरी मला विचारतात, "अक्का, ऑनलाइन नर्सिंगला इंजेक्शन पण मोबाईलवरच शिकवतात काय?" नाही गं. मी जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा करून नोकरी करत होते, मग इग्नू या मुक्त विद्यापीठाचं पोस्ट बेसिक बीएस्सी केलं, म्हणजे डिप्लोमा झालेल्या नर्सची पदवी. किमान 3 वर्षं. थिअरी घरी, प्रॅक्टिकल मात्र नेमून दिलेल्या केंद्रावर आणि हॉस्पिटलात. बारावीनंतर थेट बीएस्सी करायचं असेल तर कॉलेजलाच जा. "सगळं ऑनलाइन" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका.

प्रॅक्टिकलच्या तारखा कळल्या की त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरला रजेचा लेखी अर्ज द्या. तोंडी बोललेलं ऐनवेळी कुणाला आठवत नाही.

जपायची वस्तू म्हणजे लॉगबुक, केलेल्या प्रोसिजर लिहून ट्यूटरची सही घ्यायची वही. रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी घातली? नुसतं "ट्यूब घातली" लिहू नका. ती पोटात पोचल्याची खात्री कशी केली, पेशंटला खोकला आला का, तेही लिहा आणि सही तिथल्या तिथे घ्या. मी 6 नोंदी "उद्या घेऊ" म्हणून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी ट्यूटर मॅडम म्हणाल्या, "मी बघितलंच नाही, सही कशी करू?" सहाही प्रोसिजर परत केल्या. राग आला, पण त्यांचं खरंच होतं.

आणि कन्नड. बेळगावच्या वॉर्डात म्हातारी नुसती कण्हते, तेव्हा "एल्ली नोवू?" म्हणजे कुठं दुखतंय, एवढं तरी विचारता यायला हवं. केअर प्लॅनची, म्हणजे पेशंटच्या देखभालीच्या आराखड्याची सुरुवात तिथूनच होते. वहीच्या मागच्या पानावर असे वीसेक शब्द लिहून ठेवा.