सी प्रोग्रॅममधनं प्रोटोकॉलचा नंबर कसा शोधायचा

प्रोटोकॉल म्हणजे नेटवर्कवर माहिती पाठवायची ठरलेली पद्धत, टीसीपी, यूडीपी ही त्यातलीच नावं, आणि प्रत्येकाला एक ठरलेला नंबर असतो. परवा राजारामपुरीतल्या माझ्या खोलीवर एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन आला, म्हणाला दादा टीसीपी शोधलं, यूडीपी शोधलं, दोन्ही पॉइंटर ठेवले आणि शेवटी प्रिंट केलं तर दोन्ही ओळींत यूडीपी १७ च येतंय. दोन तास घालवले होते पोरानं. त्याला सांगितलं तेच इथं लिहितो.

आधी माहिती येते कुठनं ते बघा. लिनक्सवर ईटीसी फोल्डरात प्रोटोकॉल्स नावाची साधी टेक्स्ट फाईल असते, कॅट कमांड मारून बघा, ओळीत आधी नाव, मग नंबर, मग टोपणनाव. आयसीएमपी १, टीसीपी ६, यूडीपी १७, ओएसपीएफ ८९, एससीटीपी १३२. हे पोर्ट नंबर नव्हेत (पोर्ट म्हणजे मशीनवरच्या कुठल्या सर्व्हिसशी बोलायचं तो नंबर), इथं लई जणांचा घोळ होतो. आयपी पॅकेटच्या हेडरात प्रोटोकॉलसाठी एक बाईटचा रकाना असतो, त्यात हा नंबर बसतो.

कोडमध्ये नेटडीबी डॉट एच इन्क्लूड करा. नाव हातात असेल तर गेटप्रोटोबायनेम, नंबर असेल तर गेटप्रोटोबायनंबर. दोन्ही प्रोटोएंट स्ट्रक्टचा पॉइंटर देतात, त्यात नाव, टोपणनावांची यादी आणि नंबर. नंबर होस्ट बाईट ऑर्डरमध्येच, म्हणजे आपल्या मशीनच्या बाईटच्या क्रमातच असतो, त्यामुळं सर्व्हिसचा पोर्ट शोधणाऱ्या गेटसर्व्हबायनेमच्या पोर्टसारखा उलटवत बसायचा नाही. आणि स्पेलिंग जपा, फाईलीत टीसीपी सगळं स्मॉल आणि सगळं कॅपिटल असं दोन्ही असतंय, पण फक्त पहिलं अक्षर कॅपिटल टाकलं तर सापडत नाही, नल म्हणजे रिकामा पॉइंटर येतो.

आता त्या पोराचा घोळ. हा पॉइंटर लायब्ररीच्या स्वतःच्या स्टॅटिक जागेकडं बोट दाखवतो, दुसऱ्यांदा कॉल केला की तीच जागा पुसून नवीन माहिती भरली जाते, म्हणून त्याचे दोन्ही पॉइंटर एकाच ठिकाणी बघत होते. उपाय सोपा आहे, कॉल झाल्या झाल्या नंबर आपल्या इंटमध्ये उतरवून घ्यायचा, नाव हवं असेल तर कॉपी करायचं. प्रोग्रॅममध्ये एकाच वेळी चालणारे थ्रेड असतील तर ग्लिब्सीत, म्हणजे लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीत, शेवटी अंडरस्कोर आर लावलेली फंक्शनं आहेत, त्यांना बफर आपण द्यायचा.

सगळी यादी पाहिजे असेल तर सेटप्रोटोएंट, मग नल येईपर्यंत गेटप्रोटोएंटचा लूप, शेवटी एंडप्रोटोएंट.

नल तपासल्याशिवाय पुढं जाऊच नका, हे मी हात जोडून सांगतो. डेबियनच्या स्लिम डॉकर इमेजमध्ये, म्हणजे कंटेनरसाठी छाटून लहान केलेल्या सिस्टीममध्ये, ही प्रोटोकॉल्स फाईलच नसते, घरच्या मशीनवर मस्त चाललेला प्रोग्रॅम तिथं सेगफॉल्ट खातो, म्हणजे चुकीच्या मेमरीला हात लावून बंद पडतो, मग नेटबेस पॅकेज टाकावं लागतं. आणि नुसतं टीसीपी, यूडीपीच लागणार असेल तर शोधायचंच कशाला, नेटइनेट फोल्डरातल्या इन डॉट एच मध्ये आयपीप्रोटो टीसीपीसारखे कॉन्स्टंट तयार आहेत, ते वापरा. नाव युजरकडनं किंवा कॉन्फिग फाईलमधनं येत असेल तेव्हाच हे लुकअप कामाचं.