एसी घडीघडी बंद पडतो? गॅस भरायच्या आधी हे पाहून घ्या

नवतपा लागला की आमच्याकडं एसीवाल्याचा फोन लागत नाही, अन लागलाच तर न पाहता सांगतो, "गॅस संपला असन भाऊ, भरून देतो." आता गॅस काही पेट्रोलसारखा जळून संपत नाही ना, तो बंद नळीत फिरत राहतो, कमी झाला म्हणजे कुठंतरी लीक आहे. मी दोन उन्हाळे लागोपाठ गॅस भरला, लीक कोणी शोधलाच नाही, मंग तिसऱ्या वर्षी स्वतःच शिकलो.

आधी पाहा बंद कधी पडतो. भर दुपारी ४५ डिग्रीत पडत असेल तर बहुतेक लो प्रेशर (म्हणजे नळीतल्या गॅसचं प्रेशर कमी पडणं) नसतंच, आउटडोअरची (बाहेरच्या डब्याची) जाळी धुळीनं भरलेली असते नाहीतर व्होल्टेज पडलेलं असतं. लो प्रेशरवाला एसी सुरुवातीला बरा चालतो, मंग थंडावा कमी होत जातो, आतल्या कॉइलवर बर्फ धरते, पाणी टपकते अन कॉम्प्रेसर बंद, थोड्या वेळानं परत सुरू. डिस्प्लेवर कोड आला तर त्याचा अर्थ पुस्तकात पाहा, प्रत्येक कंपनीचा वेगळा असते.

पहिलं काम फिल्टर. भाव वाढन म्हणून कापूस घरातच भरून ठेवला असेल तर रुईचे तंतू फिल्टरवर असे बसतात की गोधडी पांघरल्यासारखं, हवाच आत जात नाही, कॉइल गोठते अन गॅस पूर्ण असूनही प्रेशर पडते. साध्या पाण्यानं धुवा, सावलीत वाळवा. बर्फ धरला असेल तर नुसत्या फॅन मोडवर दोन-तीन तास चालू द्या, चाकूनं खरवडू नका, कॉइलला भोक पडलं की कामच झालं.

तरी तेच होत असेल तर १८ वर लावून वीस मिनिटं चालू द्या अन आउटडोअरजवळच्या दोन नळ्या पाहा. जाड नळी थंड, घामेजलेली असली की बरं. जाड कोरडी अन बारीक नळीवर पांढरा बर्फ, तर गॅस कमी. जाड नळीवरच बर्फ आला असेल तर परत फिल्टर, कॉइल अन आतला पंखा पाहा.

लीक बहुतेक वेळा नळ्या जिथं जोडल्या असतात त्या पितळी नटापाशीच सापडते. तिथं तेलकट डाग अन त्यावर माती चिकटलेली दिसन. एमसीबी (बोर्डातला एसीचा मेन स्विच) पाडा, दहा मिनिटं थांबा (एसी बंद असला की जाड नळीतलं प्रेशर वाढते, लीक लवकर दिसते) अन साबणाचा फेस लावा, बुडबुडा आला की सापडली.

आउटडोअर गोठ्याच्या भिंतीवर असेल तर हलवाच. गोमूत्रातून निघणारा अमोनिया तांबं खातो अन पितळेच्या नटाला तडे पाडतो. इंग्रजांच्या काळी तबेल्यात ठेवलेली पितळी काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची, अन त्याचं कारण १९२१ मध्ये जाऊन उलगडलं! मी स्वतः नालीच्या तोंडावरही आउटडोअर ठेवत नाही, तिथला गॅसही तांब्याचा दुश्मनच.

लीक सापडल्यावर पुढचं काम मेकॅनिकचं, पण तुम्ही बाजूला उभे राहा. आधी नायट्रोजन भरून लीकची टेस्ट, मंग नळीतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप, अन मंग काट्यावर वजन करून गॅस, किती ते आउटडोअरच्या पट्टीवर लिहिलेलं असते. नुसतं गेज (प्रेशरचा काटा) पाहून भरू देऊ नका, आर-२२ गॅसला ६०-७० पीएसआय (प्रेशरचं माप) अन आर-४१०ए ला ११०-१३० म्हणतात खरं, पण आपल्या उन्हात आकडा वर सरकते. आर-३२ गॅस पेट घेऊ शकते, म्हणून नळीत गॅस असताना वेल्डिंगचा टॉर्च नाही, अन जवळ उभ्या असलेल्या काकांची बिडीही नाही.

वजनानं गॅस बरोबर भरला, फिल्टर साफ, पंखा ठीक, तरी प्रेशर पडते? तर कॅपिलरी नावाची बारीक नळी चोक झाली असन, ते कापून-जोडून होते, घरी हात लावू नका.