प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पची जोडी घरी लावताना

पॉवर अ‍ॅम्पला अक्कल नसते. आत येईल ते ठरावीक पटीने वाढवून स्पीकरकडे ढकलायचे, एवढेच त्याला ठाऊक. काय ऐकायचे आणि किती मोठ्याने, हे प्रीअ‍ॅम्प ठरवतो.

थोडा हिशेब करू. 8 ओहमच्या स्पीकरवर 50 वॅट म्हणजे 20 व्होल्ट. पॉवर अ‍ॅम्प 20 पट वाढवत असेल तर त्याला 1 व्होल्ट पुरतो. सीडी प्लेयर मात्र 2 व्होल्टपर्यंत देतो, म्हणजे सीडी ऐकताना प्रीअ‍ॅम्प बहुतेक वेळ सिग्नल कमीच करत असतो. नॉब जरा फिरवला की घर दणाणते, ते यामुळे. पॉवर अ‍ॅम्पला स्वतःचा लेव्हल नॉब असेल तर तो खाली आणा. मागची 'स्सऽऽ' खरखरही कमी होईल.

टर्नटेबलचे, म्हणजे रेकॉर्ड प्लेयरचे, उलटे. साध्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिजमधून, म्हणजे सुई बसवलेल्या डबीतून, जेमतेम 3 ते 5 मिलिव्होल्ट निघतात. फोनो स्टेज, म्हणजे 'फोनो' इनपुटमागचे सर्किट, ते सुमारे 100 पट वाढवते, शिवाय रेकॉर्ड कापताना दाबलेला खर्ज आणि चढवलेला तार स्वर पुन्हा जागेवर आणते. टर्नटेबल 'ऑक्स'ला, म्हणजे साध्या इनपुटला, लावली तर दूरच्या पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा आवाज येईल. सीडी 'फोनो'ला लावली तर आवाज फाटेल.

जोडणी सगळी यंत्रे बंद ठेवूनच करा. प्रीअ‍ॅम्पच्या 'प्री आउट'मधून पॉवर अ‍ॅम्पच्या इनपुटला आरसीए केबल, शक्यतो दोन मीटरच्या आत. पॉवर अ‍ॅम्पचा इनपुट इंपीडन्स (सिग्नलला होणारा विरोध, ओहममध्ये) प्रीअ‍ॅम्पच्या आउटपुट इंपीडन्सच्या निदान दहापट हवा. व्हॉल्वचा (काचेच्या नळ्यांचा, बहुधा जास्त आउटपुट इंपीडन्सचा) प्रीअ‍ॅम्प आणि 10 किलोओहमचा पॉवर अ‍ॅम्प जोडला की खर्ज पातळ होतो तो इथेच. काही जुन्या इंटिग्रेटेड (दोन्ही भाग एकाच पेटीत असलेल्या) अ‍ॅम्प्लिफायरमागे 'प्री आउट' आणि 'मेन इन' यांना जोडणाऱ्या यू आकाराच्या दोन धातूच्या पट्ट्या असतात. साफसफाईत त्या हरवल्या की अ‍ॅम्प मुका होतो आणि लोक दुरुस्तीला नेतात.

चालू करताना आधी सीडी किंवा टर्नटेबल, मग प्रीअ‍ॅम्प, शेवटी पॉवर अ‍ॅम्प. बंद करताना पहिला पॉवर अ‍ॅम्प. क्रम चुकला तर प्रीअ‍ॅम्पचा 'धप्प' झटका थेट वूफरला बसतो.

आता घुरघुर. पॉवर अ‍ॅम्प बंद करून आरसीए काढा आणि पुन्हा चालू करा. तरीही घुरघुर असेल तर दोष त्याच्यातच, बहुधा सुकलेले फिल्टर कपॅसिटर. थांबली तर एकेक यंत्र जोडत जा, दर वेळी पॉवर अ‍ॅम्प बंद ठेवून. डिशची केबल लागलेला सेटटॉप बॉक्स जोडला की सुरू झाली तर तो अर्थ लूप, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याने झालेले वेटोळे. सगळी यंत्रे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. टर्नटेबलची बारीक अर्थ वायर प्रीअ‍ॅम्पच्या स्क्रूला कसा. प्लगची तिसरी पिन मात्र कापू नका. घुरघुर जाईल, पण बॉडीला करंट आला तर तो तुमच्यातून जाईल.

सोलापुरात आणखी दोन-तीन गोष्टी पाहाव्या लागतात. पूर्व भागात आसपास लूम (यंत्रमाग) असतील तर मोटार सुरू होताना आवाजात टिक येते, व्होल्टेज खाली बसते. कापसाचे तंतू हीटसिंकच्या (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांत अडकतात. महिन्यातून एकदा कोरड्या ब्रशने काढा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंग कमजोर पडते, म्हणून एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला. धूळ बसू नये म्हणून चालू अ‍ॅम्पवर चादर टाकणे तर अजिबात नको, ती कितीही अस्सल सोलापुरी असो. बाहेर 43 अंश असताना पॉवर अ‍ॅम्पवर 15 सेंटीमीटर मोकळी जागा हवी. प्रीअ‍ॅम्प त्याच्या डोक्यावर न ठेवता बाजूला फूटभर लांब ठेवा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची गुणगुण फोनोत शिरणार नाही.