रिमोट डेस्कटॉप: आत जाणं सोपंय, बाहेर पडायला शिका

रिमोट डेस्कटॉप म्हणजे आपल्या पीसीवरून दूरच्या विंडोज मशीनवर बसल्यासारखं काम करणं. त्यातून सर्व्हरला कनेक्ट कसं व्हायचं हे तुम्हाला माहीत असणारच, रनमध्ये एमएसटीएससी (mstsc) टाकायचं, सर्व्हरचं नाव, युजरनेम, पासवर्ड, झालं. आपल्या पीसीवर विंडोज होम असलं तरी चालतं, होमवरून दुसरीकडे जाता येतं, फक्त होमवर कुणाला येता येत नाही.

मी अडकलो ते बाहेर पडताना, त्यामुळे यावर जरा जास्तच बोलणार. वरच्या पट्टीवरची फुली दाबली की तुम्ही फक्त डिस्कनेक्ट होता, साइन आउट नाही. तुमचं सेशन, म्हणजे तिकडचं तुमचं लॉगिन, सर्व्हरवर तसंच चालू राहतं, उघडलेल्या फायली उघड्या, प्रोग्राम चालू, मेमरी अडकलेली. टीममधल्या कुणाला एक्सेल फाइल उघडेना, लॉक दाखवतेय, आणि शोधून शोधून सगळे दमले की कमांड प्रॉम्प्टवर क्यूयूझर (quser) टाकायचं, कोण कोण लॉगिन आहे ते दिसतं, तिथे आपलंच नाव, स्टेटच्या रकान्यात 'डिस्क', म्हणजे डिस्कनेक्टेड. पोटात गोळा येतो हो. त्यात मधे पासवर्ड बदललेला असेल तर त्या जुन्या सेशनमधलं काहीतरी जुन्याच पासवर्डने लॉगिन करत बसतं आणि अकाउंट सारखं लॉक होतं, कारण काही केल्या सापडत नाही. तेव्हा काम संपलं की स्टार्ट मेनूतून साइन आउट. आणि साइन आउटच्या जवळच शटडाउन असतं, तिथे बोट सावकाश!

उलट मोठं काम रात्रभर चालवायचं असेल तर डिस्कनेक्टच करा, साइन आउट केलं तर तेही बंद पडेल. पण काही ठिकाणी डिस्कनेक्ट झालेली सेशन ठरावीक वेळाने आपोआप संपवायची पॉलिसी लावलेली असते, ती अॅडमिनला आधीच विचारा. विचारायला लाजू नका. जो सीनियर 'गूगल कर' म्हणून मोकळा होतो त्याच्यापेक्षा शेजारी बसून तुम्हाला एकदा लॉगिन-लॉगआउट करताना बघणारा माणूस शोधा, माझं यावर ठाम मत आहे.

घरून लागतंय म्हणून राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. पोर्टचा नंबर बदलूनही काही होत नाही, स्कॅन करणारे तोही शोधतात. २०१९ मध्ये रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप नावाची त्रुटी सापडली तेव्हा जुन्या विंडोजवर पासवर्ड नसतानाही आत शिरता येत होतं. व्हीपीएन नाहीतर गेटवे (रिमोट डेस्कटॉपसाठीचा मधला सर्व्हर), तिसरा रस्ता नाही. व्हीएनसी (दूरची स्क्रीन चालवायचं दुसरं साधन) वापरत असाल तर ते एसएसएच टनेलमधूनच, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनमधूनच.

बाकीच्या गोष्टींना घाबरू नका. कॉपी-पेस्ट अचानक बंद पडलं तर सर्व्हरवरच्या टास्क मॅनेजरमधून आरडीपीक्लिप (rdpclip, कॉपी-पेस्ट सांभाळणारा प्रोग्राम) बंद करून परत चालू करा, बहुतेक वेळा सुटतं. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट आपल्याच पीसीला लागतं, तिकडे पाठवायला कंट्रोल-ऑल्ट-एंड.

फक्त सर्व्हरच्या नेटवर्क सेटिंगला किंवा फायरवॉलला हात लावण्याआधी कन्सोलवरून, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट मशीनवरून, कोण आत जाऊ शकतं ते विचारून ठेवा, कारण अॅडॅप्टर डिसेबल केला की तुमचंच कनेक्शन जातं आणि तो परत चालू करायला तुम्हाला आत जाता येत नाही.