तोक्यो ते नागोया, डाव्या लेनमधून

माझे सासरे सातारा डेपोत एसटीचे ड्रायव्हर होते. खंबाटकी घाटात त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली. गेल्या एप्रिलमध्ये ते आणि सासूबाई आमच्याकडे तोक्योतल्या निशिकासाईला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी अप्पांनी विचारलं, "सूनबाई, हितनं नागोया किती?" नागोयाला माझे दीर असतात. मी म्हटलं, शिंकान्सेनने पावणेदोन तासांच्या आत. "रेल्वेचं नाय इचारत. रस्त्यानं."

रस्त्याने म्हणजे तोमेई एक्सप्रेसवेने. 'तो' तोक्योचा आणि 'मेई' नागोयाचा, कारण नागोयातलं 'ना' हे अक्षर जोडशब्दात 'मेई' असं वाचतात. तोक्यो इंटरचेंज ते कोमाकी, जवळपास ३४७ किलोमीटर. २६ मे १९६९ ला हा रस्ता पूर्ण झाला आणि त्यासाठी जपानने जागतिक बँकेकडून कर्ज घेतलं होतं, हे ऐकून अप्पा बराच वेळ गप्प होते. मी हा प्रवास बऱ्याचदा केला आहे. भारतातून आलेलं प्रत्येक जण तेच तेच विचारतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी लायसन्स. पाहुणे म्हणून आला असाल तर आपल्या आरटीओकडून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा. इथे आल्यावर तो मिळत नाही. जपानमध्ये उतरल्यापासून जास्तीत जास्त एक वर्ष तो चालतो. राहायला आला असाल तर त्या वर्षात भारतीय लायसन्स बदलून घ्या. त्यासाठी लेखी परीक्षा आहे आणि त्यांच्या मैदानावर गाडी चालवून दाखवावी लागते. मी पहिल्या खेपेला नापास झाले. पुण्यात अकरा वर्षं गाडी चालवलेली, पण लेन बदलताना आरशात बघितलं आणि मान वळवून मागे बघितलं नाही. परीक्षकाला ती मान वळलेली दिसायला हवी असते. नाटकातल्यासारखी ठसठशीत वळवा.

भाड्याने गाडी घेताना टोलसाठीचं ईटीसी कार्ड मागून घ्या. आपला फास्टॅग काचेवर असतो, इथे कार्ड गाडीतल्या छोट्या यंत्रात खुपसायचं असतं. आणखी दोन गोष्टी काउंटरवर कुणी सांगत नाही. इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डावीकडे असतो. माझ्या पुण्यातल्या गाडीत उलटं होतं, त्यामुळे पहिला महिनाभर मी प्रत्येक वळणावर कोरडी काच पुसत होते. दुसरी गोष्ट महागात पडू शकते. छोट्या, पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीला इथे 'केई' म्हणतात आणि डिझेलला म्हणतात 'केईयु'. दोन्हीत अक्षर तेच. म्हणून केई गाडीत केईयु भरणारे महाभाग दरवर्षी निघतात. लाल नोझल साधं पेट्रोल, पिवळं महागडं पेट्रोल, हिरवं डिझेल. केई गाडीला लाल. टाकी शहरातच भरून घ्या, हायवेवर दर जास्त असतो. आणि एक्सप्रेसवेवर पेट्रोल संपून गाडी बंद पडली तर इथे तो गुन्हा आहे, दंड होतो.

निघायची वेळ पहाटेची, चार-साडेचारची. शनिवारी सकाळी आठला निघालात तर अर्धी तोक्यो तुमच्या पुढे असते. निशिकासाईहून आम्ही वांगान मार्गाने ओइपर्यंत येतो, तिथून यामाते बोगद्यात शिरतो. हा बोगदा अठरा किलोमीटरचा आहे, पण आपल्याला त्यातून ओहाशी जंक्शनपर्यंतच जायचं असतं. तिथे रस्ता नागमोडी नाही, चक्क स्क्रूसारखा गोल गोल वर चढतो. त्यात लेन बदलू नका, बोटही हलवू नका. वर आलात की शिबुया मार्ग, आणि योगाला तोच मार्ग सरळ तोमेई होतो. (योगा हे ठिकाणाचं नाव. सासूबाईंनी पाटी वाचून हात जोडले.)

गंमत म्हणजे तोक्यो टोलनाका तोक्योत नाहीच. तामा नदी ओलांडली की तो कावासाकीत लागतो. जांभळी पाटी ईटीसीची, हिरवी पाटी तिकीट घेणाऱ्यांची. ईटीसीच्या लेनमध्ये ताशी वीसपेक्षा हळू जायचं, दांडा आपोआप उठतो.

आमच्या वेळी उठला नाही. आदल्या दिवशी मी कार्ड काढून पर्समध्ये टाकलं होतं आणि पर्स घरी. गाडी चालू केल्यावर यंत्रातली बाई जपानीत सांगत होती की कार्ड नाही, पण त्याच वेळी सासूबाई गणपतीस्तोत्र म्हणत होत्या. तर असं झालं तर काय करायचं ते नीट ऐका. गाडी मागे घ्यायची नाही, कितीही वाटलं तरी. मागचा ट्रक तिथे थांबेल अशी अपेक्षाच करायची नाही. खाली उतरायचं नाही. हॅझार्ड दिवे लावायचे आणि बसून राहायचं. लेनच्या कडेला बोलायचं यंत्र असतं, त्यातून कर्मचारी बोलतो. 'कार्दो वासुरेमाशिता', म्हणजे कार्ड विसरले, एवढं म्हटलं तरी पुरतं. मला त्यांनी कागदी तिकीट दिलं, उतरताना हिरव्या लेनमध्ये रोख भरायला सांगितलं. नागोयापर्यंत सात हजार येनच्या वर झाले. मागे तीन गाड्या थांबल्या होत्या, एकानेही हॉर्न दिला नाही. "बधिर हायेत काय?" अप्पांनी काळजीने विचारलं.

आता खरं ड्रायव्हिंग. आपल्यासारखंच डावीकडून चालतं, म्हणून आपण गाफील राहतो. सगळ्यात उजवी लेन फक्त ओव्हरटेकसाठी. पुढे गेलात की लगेच डावीकडे परत या. रिकामी असली तरी त्याच लेनमध्ये रेंगाळलात तर पोलीस पकडतात, वेग कितीही असो. मुंबई-पुणे रस्त्यावर उजव्या लेनमध्ये साठने डुलत जाणारा ट्रक बघितलेल्या माणसाला हे स्वर्गसुख वाटतं. वेगमर्यादा बहुतेक ठिकाणी १००, वळणांच्या भागात ८०. कॅमेरे आहेत.

पुढे रांग थांबलेली दिसली की ब्रेकबरोबर हॅझार्ड लावा, मागच्याला कळण्यासाठी. आत घेतल्याबद्दल आभार मानायचे तर तेच दिवे दोनदा लुकलुकवतात. अप्पांना हे इतकं आवडलं की ते प्रत्येक लुकलुकीला मान हलवून उत्तर देत होते.

ओइ-मात्सुदानंतर घाट लागतो. तोमेईचा सगळ्यात शेवटी जोडला गेलेला तुकडा हाच, ओइ-मात्सुदा ते गोतेंबा. इथे नागोयाकडे जाणारा रस्ता 'डावा' आणि 'उजवा' असा दोन वाटांत फुटतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरू नका, दोन्ही पुढे एकत्र येतात. गोतेंबाजवळ रस्त्याची सर्वांत उंच जागा आहे, ४५४ मीटर. फुजी उजव्या हाताला. ढग नसतील तर. आम्हाला होते.

गोतेंबा जंक्शनला ठरवायचं: जुनी तोमेई की २०१२ साली सुरू झालेली शिन-तोमेई. नवी रुंद, सरळ आणि डोंगरातून बोगद्याबोगद्यांनी जाते. तिच्यावर बऱ्याच लांबीत १२० ची मुभा आहे. घाई असेल तर तीच घ्या. पण पहिल्यांदा जात असाल तर जाताना जुनी घ्या, फक्त युइसाठी.

युइला डोंगर थेट समुद्रात उतरतो. त्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि तोमेई अशा तिघी खेटून बसवल्या आहेत. क्योतोला जाणारा जुना तोकाइदो मार्गही इथूनच जायचा. नागोयाकडे जाणारी बाजू समुद्राकडची, त्यामुळे डाव्या लेनमध्ये असलात तर सुरुगा आखात अगदी खिडकीशी. वादळात लाटा रस्त्यावर येतात आणि हा भाग बंद होतो, म्हणून तायफूनच्या दिवसांत निघण्याआधी बातम्या बघा. युइच्या छोट्या पार्किंगमध्ये आम्ही गाडी लावली. अप्पा कठड्याला टेकून पंधरा मिनिटं उभे होते. समुद्राकडे नाही, रस्त्याकडे बघत. "डांबराला जोड दिसत न्हाय," एवढंच म्हणाले.

शिझुओका सोडल्यावर निहोनझाका बोगदा. ११ जुलै १९७९ ला इथे अपघात होऊन आग लागली, सात माणसं गेली आणि १७३ गाड्या जळाल्या. बोगद्याच्या तोंडाशी दिव्यांची पाटी असते, ती वाचता येत नसली तरी तिच्यावर लाल काही दिसलं तर आत शिरू नका. बोगद्याबाहेर गाडी बंद पडली तर डाव्या कडेला घ्या, हॅझार्ड, डावीकडच्या सीटच्या पायाशी अडकवलेली लाल नळी म्हणजे इशाऱ्याची बत्ती पेटवा, मागे त्रिकोण ठेवा, आणि सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभं राहायचं. गाडीत बसायचं नाही. कडेला दर किलोमीटरला फोन आहे, मोबाईलवरून हॅश ९९१०.

खाण्याचं थोडक्यात: एबिनाला मेलनपान, म्हणजे गोड पाव. माकिनोहारा चहाच्या मळ्यांचा भाग, तिथे ग्रीन टी घ्या. हामाना सरोवराकाठी ईल मासा. शाकाहारी असाल तर 'भाज्यांचं सूप' असं लिहिलेल्या वस्तूवर विश्वास ठेवू नका, रस्सा माशाच्या पाण्याचा असतो. आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेली होती, वर उमेबोशी म्हणजे खारवलेलं आंबट फळ घातलेली ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा. सासूबाईंनी ती आंबट गोळी चाखून "कैरीची मावशी" म्हटलं.

शहरात जायचं तर कोमाकीपर्यंत जाऊ नका, नागोया इंटरचेंजलाच उतरा.

परतताना रविवारी दुपारी बाराच्या आत निघा, नाहीतर सरळ जेवून रात्री नऊनंतर. मधल्या वेळेत यामातो बोगद्यापाशी (मघाचा यामाते नव्हे, हा तोमेईवरचा) हमखास अडकाल. दिरांनी चहाचा आग्रह केला आणि आम्ही चारला निघालो. आठ वाजता यामातोच्या अलीकडे पावलापावलाने सरकत होतो, पुढे नजर जाईल तिथपर्यंत लाल दिवे. मागच्या सीटवरून अप्पांचा आवाज आला, दिवसभरात पहिल्यांदाच खुशीतला: "आत्ता कसं चांदणी चौकात आल्यागत वाटतंय."